धावजीची कोथळी

जमनीनं आपल्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या मरणाची खबर घेऊन ओढ्यापाशी बसला होता. खबर त्याच्या तोंडातून निघाली नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. त्यात जमनीचा दोष किती, लालसिंगचा किती आणि दोन्ही तांड्यांतल्या पागोटेवाल्या शहाण्यांचा किती, याचा निवाडा आजवर झालेला नाही. मला विचाराल तर पागोटेवाल्यांचा जास्त. पण मला कोण विचारतं!

विदर्भ मुंबई राज्याला जोडला, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा श्रावण. बाभुळगावपासून तीनेक मैलांवर, ओढ्याच्या चढाला जमनीचा तांडा. पन्नास-साठ झोपड्या. या बंजाऱ्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले. आता नातवंडं तिथंच ज्वारी-कपाशी करून राहिलेली. जमनी ही देवीलालची एकुलती एक. आई ती रांगत असतानाच गेली, म्हणून शेजारच्या भुरीकाकीनं तिला न्हाऊ-माखू घातलं, भरतकाम शिकवलं आणि वेळप्रसंगी झोडपलंही.

चैत्रात तिचं लग्न ठरलं, पुढच्या फाल्गुनात लावायचं. बोरी अरबकडच्या तांड्यातला खेमसिंग, त्याचा थोरला मुलगा धावजी. माणसं बसली, तांड्याच्या प्रमुखानं, म्हणजे नाईकानं, गूळ फोडला, सगळ्यांनी खाल्ला, झालं. गूळ एकदा खाल्ला की पोरगी त्या घरची. पोरीला कुणी विचारलं का? छे! तिला दाखवलंसुद्धा नाही. लग्नाच्या दिवसापर्यंत नवऱ्यानं नवरीचं तोंड पाहायचं नाही आणि नवरीनं नवऱ्याचं. वर गूळ खाल्ल्या दिवसापासून त्याचं नाव तिच्या जिभेवर यायचं नाही, ते जन्मभर. म्हणजे जमनीजवळ धावजीचं ना तोंड होतं, ना नाव. बोटांत सुई तेवढी होती.

म्हणून तिनं त्याच्यासाठी कोथळी केली. कमरेला लटकवायची कापडी पिशवी, पान-तंबाखू ठेवायला. तांबड्या कापडावर पिवळा-हिरवा दोरा, मध्ये आरसे, कडेनं कवड्या. एका कोपऱ्यात एक कवडी उलटी लागली. उसवायला हवी होती. पण भुरीकाकीची नजर चुकली आणि जमनीनंही कंटाळा केला. कोथळी बोरीला गेली आणि सगळा उन्हाळा जमनी मनातल्या मनात त्या कोथळीबरोबर बोरीला राहिली. आता ती कमरेला असेल, आता खुंटीला असेल. उलटी कवडी त्यानं पाहिली असेल का? पाहून काय म्हणाला असेल?

मग श्रावणात तीज आली. तांड्याच्या कुवार पोरींचा सण. टोपल्यांत माती घालून गहू पेरायचा, नऊ दिवस ओढ्याचं पाणी आणून घालायचं, रोज फेर धरून गाणी म्हणायची. नवव्या दिवशी ढंबोळी, त्या दिवशी चुरमा. दहाव्या दिवशी वीतभर वाढलेले पोपटी अंकुर भावांच्या पागोट्यात खोवायचे आणि उरलेले पाण्यात सोडायचे. जमनीची ही शेवटची तीज. पण या नऊ दिवसांत कुण्या पोरीच्या घरी किंवा ठरलेल्या सासरी कुणी गेल्याची खबर आली, तर त्याच घटकेला सगळ्याच पोरींच्या टोपल्या ओढ्यात फेकायच्या. सण मोडला.

आणि तीज बसण्याच्या आदल्या दिवशी बोरीला एका शेतकऱ्याची विहीर खोदताना दरड कोसळली, धावजी खाली होता. सकाळी दबला, त्याला वर काढेपर्यंत दिवस मावळला. बावीस वर्षांचा गडी.

खेमसिंगनं दुसऱ्या दिवशी धाकट्या लालसिंगच्या हातात ती कोथळी दिली. म्हणाला, "हे देवीलालच्या हातावर ठेव. बोलाचं काम नाई. तो समजून घेईन." तशीच रीत होती, थोरल्या माणसांतली. पोरीनं दिलेली वस्तू परत आली, की माणूस गेला असं समजायचं. अठरा वर्षांचा लालसिंग भावाची कोथळी मुठीत धरून निघाला. वाटेत लोहाऱ्याला एका ओट्यावर पडला, दुसरी रात्र यवतमाळच्या पुढं काढली, आणि तिसऱ्या सकाळी जमनीच्या ओढ्यापाशी आला. वर तांड्यात पोरी गात होत्या. तो एका दगडावर बसून राहिला.

पोरी पाणी घेऊन पुढं गेल्या होत्या. जमनी मागं राहिली, कारण तिच्या घागरीला भोक होतं आणि ती चिंधी कोंबत बसली होती. वर पाहते तर समोर परका गडी.

"कोनाच्या घरी जाऊन राह्यले?" तिनं विचारलं.

"देवीलालच्या."

"कुठून आले?"

"बोरीकडून."

तिची नजर त्याच्या मुठीवर गेली. तांबडं कापड, आरसे आणि कोपऱ्यातली ती उलटी कवडी!  तिनं ओढणी तोंडावर ओढली, पण हसू दाबलं तरी फुटलंच. काय हा माणूस! फाल्गुनापर्यंतही दम निघाला नाही!

"मी..." लालसिंगनं तोंड उघडलं.

"बोलू नोका," ती घाईघाईनं म्हणाली. "कोनी पायलं त नाईक दोघायलेबी उभं करन. लग्नाआंधी कोनी असं येते का? जा आता. उद्या या, याच वक्ती. अन् ते कोथळी लपवा बाप्पा, सारा तांडा वयखते तिले."

आणि गळकी घागर घेऊन पळाली. तिनं नाव विचारलं नाही. आपल्या माणसाचं नाव कोण विचारतं? ते तर तिला ठाऊक होतं, फक्त उच्चारायचं नव्हतं. त्यानं सांगितलं नाही. आता तुम्ही म्हणाल, त्या लालसिंगच्या तोंडाला काय झालं होतं? मीही तेच म्हणते. दुसऱ्या कुण्या जातीची पोर असती तर "काय हो अमुकराव" म्हणाली असती आणि तिथल्या तिथं उलगडा झाला असता. पण यांच्यात नाही. लालसिंगनं पुढं कबूल केलं, की आपण कोण समजले गेलो हे त्याला तिच्या हसण्यावरूनच कळलं होतं. घरात रडणंच रडणं, मग दोन दिवस एकट्यानं तुडवलेली वाट. त्यात हे एक माणूस आपल्याकडं पाहून हसलं. वर चढून देवीलालच्या हातावर कोथळी ठेवली की हे हसणं आपल्याच हातानं पुसायचं, तीज मोडायची. त्यानं स्वतःला सांगितलं, उद्या देतो. बाभुळगावला एका कापसाच्या जिनाच्या आवारात पोती उचलायचं काम धरलं आणि तिथंच पडून राहिला.

उद्याचा परवा झाला. परव्याचा तेरवा.

जमनी रोज मागं राहायची. दुसऱ्या दिवशी त्यानं कुठून तरी लाख मिळवून तिची घागर बुजवून दिली. ही तर पंचाईत झाली. आता मागं राहायला निमित्त काय? मग तिनं पायात काटा मोडल्याचं सोंग केलं. तर त्या येड्यानं दुसऱ्या सकाळी ओढ्यापासून चढापर्यंतच्या वाटेवरचा काटान् काटा वेचून ठेवला! जमनी अनवाणी चढली आणि अर्ध्या वाटेत तिला रडूच आलं. बाप चांगला होता, भुरीकाकी चांगली होती, पण तिच्या पायांखाली काय येतं हे कुणी पाहिलं नव्हतं. आवडला तो तिला. उगाच आडून कशाला बोलायचं, जीव जडला. आयुष्यात एकदा का होईना, या पागोटेवाल्यांनी माणूस बरोबर निवडला, असं तिला वाटलं.

तो बोलायचा कमी. एक काकडी आणायचा, अर्धी तिला देऊन अर्धी हातातच धरून बसायचा. पण एका गोष्टीवर त्याची जीभ सुटायची.

"तुमाले भाऊ हाये म्हनते एक?" तिनं विचारलं होतं.

"हाये."

"कसा हाये?"

लालसिंग पाण्याकडं पाहत सांगायला लागला. भावाचा गळा असा का तो गायला लागला की बैल चरायचं सोडतात. उजव्या कानाची पाळी फाटलेली, लहानपणी गोऱ्ह्याच्या शिंगानं. भाकर करपलेलीच लागते त्याला. चांगली वाढली तर म्हणतो, हे पावण्यायले द्या. नदीला पूर आला की मला खांद्यावर घेऊन पलीकडं न्यायचा, मी बारा वर्षांचा घोडा झालो तरी.

"मंग त्यालेबी आना ना एखाद्या दिवशी," जमनी म्हणाली. "माया हातची करपलेली भाकर खाऊ घालतो त्याले. भुरीकाकी म्हनते मले तेवढीच येते."

तो उठला आणि ओढ्यावर जाऊन तोंड धुऊन आला. जमनीला वाटलं, घरची आठवण आली असेल. रोज ती भावाचं विचारायची आणि रोज तो सांगायचा. बोलताना त्याचा चेहरा बदलायचा. जो माणूस भावावर एवढा जीव लावतो तो बायकोला काय कमी करणार, असा तिचा साधा हिशेब. कोण कुणाबद्दल काय सांगतंय, हे तिला कुठं ठाऊक होतं! घरी येऊन ती टोपलीवर पाणी शिंपायची आणि त्या न उच्चारायच्या नावानं हात जोडायची. तिची टोपली सगळ्या पोरींत दाट वाढली होती.

तिजेच्या आठव्या दिवशी तो म्हणाला, "उद्या मले तुले एक सांगाचं हाये."

"उद्या ढंबोळी. चुरमा आनतो. खा, मंग सांगजा."

नवव्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या ओंजळीत चुरमा घातला. त्याची बोटं गार पडली होती. ओढ्याच्या पाण्यानं असतील, असं तिला वाटलं. त्यानं तो चुरमा तोंडाजवळ नेला, खाली आणला आणि हमसून हमसून रडायला लागला. अरे लेका, बोल ना! आता तरी बोल! पण तेवढ्यात वरून पोरींनी हाका मारल्या, फेर सुरू झाला होता. "संध्याकाळी सांगा," म्हणत जमनी पळाली, आणि जाताजाता मागं वळून दोनदा हसली.

दुपारी खेमसिंग आला.

धाकटा पोरगा गेला तो परतलाच नाही, म्हणून शोधायला निघालेला. बरोबर दोन माणसं. पागोटं नाही, डोक्यावरचे केस काढलेले. तांड्यात शिरला तर मधल्या अंगणात टोपल्या मांडलेल्या, पोरी रंगीत ओढण्या उडवत नाचताहेत, आणि सगळ्यांच्या पुढं एक उंच पोरगी गातेय. त्यानं कुणाला तरी विचारलं, ही कोण? माणूस म्हणाला, ही देवीलालची जमनी.

खेमसिंग जागीच उभा राहिला. मग एवढ्या मोठ्यानं ओरडला की ढोलकीवाल्याचा हात थांबला. "माया धावजी मातीत गेला त्याले नऊ दिवस झाले, अन् तुमची पोरगी नाचून राह्यली?"

जमनीला पहिल्यांदा काहीच समजलं नाही. मग लोक बोलायला लागले. विहीर. दरड. दिवसभर दगड उपसले. धावजी. सगळे ते नाव घेत होते, तिनं एकदाही न घेतलेलं.  मेला? नऊ दिवस? मग आज सकाळी मी कुणाच्या ओंजळीत चुरमा घातला? ती गार बोटं कुणाची? तोंड भरून कधी न हसणारा, काकडी हातातच धरून बसणारा, न खाणारा, न नाव सांगणारा तो कोण होता? मेलेल्या माणसानं सात सकाळी माझ्याशी गोष्टी केल्या! ती आपल्याच टोपलीवर कोसळली. अंकुर मोडले.

भुरीकाकी तोंडावर पाणी मारत होती तेव्हा ओढ्याकडून तो चढून आला. आरडाओरडा ऐकून आला होता. हातात कोथळी.

"लाल्या!" खेमसिंग म्हणाला. "जिता हायेस तू?"

जमनीनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या पायांना चिखल होता, जमिनीवर सावली पडली होती. भूत नव्हतं. हा धावजी नव्हताच कधी, हा धाकटा. आणि पहिली गोष्ट तिला काय वाटली असेल? आनंद. खरं सांगते, हा जिवंत आहे याचा आनंद. त्या आनंदाची तिला पुढं जन्मभर लाज वाटत राहिली, कारण मेलेल्या धावजीसाठी त्या घटकेला तिच्या डोळ्यांत एक थेंब नव्हता.

कडुलिंबाखाली लगेच पंचायत बसली. जमनीच्या तांड्याचा नाईक फुलसिंग. मोठ्या आवाजाचा आणि आपल्याच आवाजावर खूश असलेला माणूस. तो म्हणाला, "पोरा, सीधं बोल. खबर सांगतली का नाई सांगतली? नसन सांगतली त तू मेलेल्या भावाशी बेइमान झाला. दोन्ही तांड्यायले तू मेला. अन् ज्या घरचा पोरगा असा, त्या घराशी आमी खाल्लेला गूळ तुटला."

खेमसिंगचं म्हणणं वेगळं. गूळ खाल्लाय, थोरला गेला तर पोरगी धाकट्याची; रीतच आहे. पण खबर दिली असेल तरच. सगळे लालसिंगच्या तोंडाकडं पाहत होते.  तो कोथळीकडं पाहत उभा.

जमनी बायकांच्या मागं बसली होती. तिला सगळं लख्ख दिसलं. खरं बाहेर आलं की हा माणूस गेला; पुन्हा दिसणार नाही. राग तर असा आला होता की त्याच्या झिंज्या उपटाव्यात. आणि त्याच रागात तिला एकदम आठवलं: फाटका कान, करपलेली भाकर, पुरातले खांदे. "हाये" म्हणत होता भाऊ. सात दिवस हा दुसरं काय करत होता? जमेल तसं तेच तर सांगत होता.

ती उभी राहिली. पोरीनं पंचायतीत बोलायचं नसतं, तरी बोलली.

"सांगतलं त्यानं. मले सांगतलं. रोज सांगतलं. म्याच कोनाले बोलली नाई. मले तीज खेळाची होती."

कुणी तरी "अगं याडी!" असा आईचा धावा करत कपाळावर हात मारला. लालसिंगनं मान वर केली. आता तो बोलेल, असं जमनीला वाटलं. तिनं वाट पाहिली. तो बोलला नाही.

पोरींच्या टोपल्या ओढ्यात फेकल्या गेल्या. ज्या पोरी सकाळी तिच्या कमरेला हात घालून नाचल्या, त्या रडत रडत तिच्याकडं अशा पाहू लागल्या, जणू तिनं त्यांच्या घरचंच कुणी खाल्लं होतं. नवरा मेलेला ठाऊक असून नाचणारी बाई! लग्न मात्र ठरलं, फाल्गुनातच, लालसिंगशी. खेमसिंगनं तिच्याकडं न पाहताच ते कबूल केलं. तिच्या तांड्यालाही ती लवकरात लवकर जायला हवी होती. कोथळी देवीलालच्या हातावर ठेवली गेली. त्यानं ती मुलीच्या अंगावर भिरकावली आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

पुढचे सात महिने कसे काढले, तिचं तिला माहीत. ती ओढ्यावर आली की बाकीच्या घागरी उचलल्या जायच्या. कुणाचं वासरू मेलं, जमनी. कपाशीवर कीड पडली, जमनी. पोरीबाळींना तिच्या सावलीतून बाजूला ओढायचे. ती रात्रंदिवस एकाच गोष्टीची वाट पाहायची, की बोरीकडून तो येईल आणि चारचौघांत म्हणेल, हिनं खोटं सांगितलं, माझ्यासाठी सांगितलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. लालसिंग आला नाही, निरोपही नाही. कधी वाटायचं, अशा मुक्या भित्र्याशी लग्न करण्यापेक्षा त्या विहिरीतली दरड बरी. मग काटे वेचलेली वाट चढावी लागायची आणि राग पायांतून गळून जायचा.

भुरीकाकी तेवढी तिच्याकडं यायची. लग्नात नवरीनं एकेकीच्या गळ्यात पडून रडत गायचं असतं, त्याला ढावलो म्हणतात. ते रडणं आधी शिकावं लागतं. काकीनं शिकवलं. पण एक दिवस मध्येच थांबून म्हणाली, "शिकून करशीन काय वं पोरी? तुया गळ्यात पडाले येईन कोन?"

कुणी आलं नाही. फाल्गुनात लग्न लागलं, फेरे झाले. ढावलोची वेळ आली तेव्हा जमनी अंगणाच्या मधोमध एकटी उभी राहिली आणि बायका आपापल्या दारात, भुरीकाकीसुद्धा. ना ढावलो, ना रडणं. नाईकानं पुढचं उरकायला सांगितलं. यांच्यात निघताना नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि हात वर करून गाण्यातून बापाच्या तांड्याला आशीर्वाद देते: माझ्या बापाचं गोकुळ भरलेलं राहू दे. जमनीला बैलावर चढवलं. दावं लालसिंगच्या हातात होतं. त्यानं सकाळपासून तिच्याकडं एकदाही डोळे वर करून पाहिलं नव्हतं.

तिनं हात वर केले. आशीर्वाद दिला नाही. कोरड्या डोळ्यांनी, उंच आवाजात तिनं गायला सुरुवात केली, आणि जे नाव तिनं जन्मात घ्यायचं नव्हतं, आधी होणारा नवरा म्हणून आणि आता थोरला दीर म्हणून, तेच घेतलं.

"धावजी रे, तू दगडाखाली होता आन् मी तुया नावानं गहू शिंपत होती. धावजी रे, माया तांड्यात तुले कोनी रडलं नाई. मी बी रडली नाई. मले मापी कर, धावजी."

"उतरवा तिले!" नाईक ओरडला. "अवदसा! समजून-उमजून नाचली अन् आता—"

"तिले ठाऊक नोयतं."

आवाज एवढा बारीक होता की कोण बोललं ते आधी समजलं नाही. लालसिंग होता.  मग तो मोठ्यानं बोलला.

"तिले काईच ठाऊक नोयतं. तिनं मले धावजी समजलं. मी सांगतलं नाई. सात दिवस मी भावाचं मरन चोरलं. पंचायतीत बी गप्प बसलो अन् सात महिने बी गप्प बसलो. ते खोटं बोलली ते मले वाचवाले. काय कराचं ते माया करा."

फेरे झाले होते, ते उलटे फिरत नाहीत. म्हणून नाईकाला श्रावणातलंच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं: दोन्ही तांड्यांना तू मेला. या वेळी आवाजाला तेवढी धार नव्हती. खेमसिंगनं पोराच्या हातातून दावं काढून घेतलं, जमनीला उतरायला सांगितलं आणि बैल, गाडी, माणसं घेऊन निघून गेला. एका विहिरीनं त्याचा एक मुलगा नेला, दुसरा त्यानं स्वतः तिथं सोडला. जाताना एकदा तो थांबला होता, असं भुरीकाकी सांगायची. पण वळला नाही.

तीच भुरीकाकी दारातून धावत आली आणि जमनीच्या गळ्यात पडली. तिच्या मागून दोन पोरी आल्या, मग आणखी एक. बाकीच्या दारातच राहिल्या. देवीलाल आला, काहीतरी बोलणार होता, पण सात महिने न बोलल्याची सवय लागली होती. त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत गेला.

मग ते दोघं चालत निघाले, नव्या कपड्यांत, हातात काही नाही. यवतमाळ मागं पडलं. तो दहा पावलं पुढं आणि ती मागं. वाटेवर दगड-काटा आला की तो वाकून बाजूला करायचा, तेवढंच. लोहाऱ्याच्या अलीकडं जमनी थांबली. तिथंच पुढं त्यांनी रस्त्याच्या कडेला झोपडी घातली आणि खडी फोडण्यात उभा जन्म काढला, पण ते नंतरचं. तिनं कमरेची कोथळी काढून त्याच्यापुढं धरली.

"हे उलटी कवडी," ती म्हणाली. "त्याईनं पायली होती का?"

लालसिंगनं मान डोलावली. "पयल्याच दिवशी पायली. लय हासला. मले बलावून दाखोली. म्हने, लाल्या, पाय, पोरगी चुकते बी अन् लपवत बी नाई. मले असीच पायजे होती."

जमनी रस्त्याच्या कडेला बसली. भुरीकाकीनं शिकवलेलं सगळं रडणं तेव्हा आलं, धावजीच्या नावानं, मोठ्यानं, एकेक कडवं. लालसिंग आधी लांब उभा राहिला. मग जवळ येऊन बसला आणि तिच्या मागं म्हणायला लागला. त्याला गळा नव्हता.